आद्यगंध

नवनगरच्या प्रसूतिगृहात बाळंतपणे करणाऱ्या कोणाच्याही अंगाला वास येत नसे. तशी सक्तीच होती. परिचर्येचे शिक्षण पुरे करून कौतिका खरात मुलाखतीसाठी आत शिरली, तेव्हा तिथल्या गाळीव हवेत स्वतःच्याच घामाचा वास तिला प्रथमच एवढा स्पष्ट जाणवला आणि ती ओशाळली.

"लाजू नकोस," डॉ. बेहेरे हसून म्हणाल्या. "नोकरी पक्की झाली की एक सुई टोचू. मग जन्मभर निर्गंध!"

"पण मॅडम, वासानं कुणाचं काय बिघडतं?"

डॉक्टरांनी समजावून सांगितले. रोगजंतू टाळण्यासाठी प्रसूतिकक्षातली हवा गाळू लागले, तेव्हा तिच्यातले सारे वासही नाहीसे झाले. अशा कोऱ्या हवेत अर्भकाच्या नाकात जो पहिला वास शिरतो, तो त्याच्या मेंदूवर कायमचा उमटतो. तोच आद्यगंध. आणि बाळ प्रथम येते ते परिचारिकेच्या हातात, आईच्या नव्हे! पुढे कित्येक मुले आईच्या कुशीत रडत राहत, आणि परिचारिका रस्त्यात दिसली की तिच्याकडे झेपावत. म्हणून ती सुई निघाली.

"आता तू सांग. तुला हेच काम का करायचंय?"

कौतिका गोंधळली. "ते नाही सांगता येत. शाळा सुटली की मी इथल्या फाटकाशी येऊन उभी राहायची. आई चिडायची. म्हणायची, माझ्या मांडीवर कधी टिकली नाहीस, तिथं काय तुझी सासू बसलीय?"

इतक्यात मालनसिस्टर चहा घेऊन आल्या. सुई निघाली तेव्हा त्यांनी ती टोचून घेतली नव्हती, प्रसूतिकक्षच सोडून त्या कचेरीतले चहापाणी पाहू लागल्या होत्या. त्या टेबलाशी वाकल्या मात्र, कौतिकेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. या अनोळखी म्हातारीच्या पदरात तोंड खुपसावे, एवढेच तिला वाटत होते.

"खरातांची का गं तू?" सिस्टर तिला निरखत म्हणाल्या. "माझ्याच हातात आलीस की!"

"म्हणजे ही तुझी आवड..." वाक्य अर्धेच सोडून डॉक्टरांनी बाहेर पाहिले. उमेदवारांसाठी मांडलेली बाके रिकामी होती. पूर्वी तिथे बसायला जागा मिळत नसे. सुई आल्यानंतर जन्मलेली पिढी वयात आली, तसे या कामाकडे कोणी फिरकेनासे झाले होते.

कौतिकेलाही ते उमगले. आईची ती रुसलेली मांडी तिला आठवली. तिने बाही वर सारली.

"टोचा, मॅडम."

तोच प्रसूतिकक्षाची घंटा वाजली. डॉक्टरांनी डबीतून काढलेली सुई क्षणभर न्याहाळली, पुन्हा एकदा रिकाम्या बाकांकडे पाहिले आणि ती परत ठेवली.

"आधी हात धू. सुईचं मग बघू."

मुलगी झाली. कौतिकेच्या हातात येताच तिने टाहो फोडला. मग इवलेसे नाक कौतिकेच्या मनगटाकडे वळवले आणि एकाएकी शांत झाली.

"द्या ना हो सिस्टर," खाटेवरून आईने हात पसरले.

कौतिकेने घाईघाईने बाळ तिच्या छातीवर ठेवले. ते पुन्हा रडू लागले. आईने थोपटले, कुरवाळले, रडे थांबेना.

"अशी का करतेय ही?"

"भूक लागली असेल," डॉक्टर म्हणाल्या. कौतिकेकडे मात्र त्यांनी पाहिले नाही.