घड्याळजींचं मलम

इन्स्पेक्टर बाई जीपमधून उतरल्या, तेव्हा दारात दुसरा खून व्हायचाच बाकी होता. एका दांडगट माणसाने पांढऱ्या कपड्यांतल्या नर्सचे केस मुठीत धरले होते आणि तो तिचं डोकं चौकटीवर आपटत होता. एकदा. दोनदा. शेजारी गोळा झाले होते, पण कुणाचा हात पुढे होत नव्हता.

"सोड तिला!"

"माझ्या बापाला मारलं हिने! बत्त्याने ठेचलं!"

त्याला बाजूला करायला दोन हवालदार कमी पडले, तिसरा लागला. नर्स पायरीवर बसली. ओठ फाटलेला, एक डोळा मिटत चाललेला, दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. हातांवरचं रक्त मात्र तिचं नव्हतं.

ते रक्त ज्याचं होतं तो आत न्हाणीघरात पालथा पडला होता. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला म्हातारा. सगळी गल्ली त्याला घड्याळजी म्हणे. जन्मापासून अंगाची कातडी कोरडी, पाण्याला पारख्या झालेल्या तळ्यासारखी भेगाळलेली, खवल्याखवल्यांची. आता डोक्याची मागची बाजू उरलीच नव्हती. भिंतीवर कानाएवढ्या उंचीपर्यंत शिंतोडे उडाले होते. लोखंडी बत्ता कोपऱ्यात पडला होता, केस चिकटलेला.

आणि पाठभर, मानेपासून टाचांपर्यंत, पांढरं मलम.

"मॅडम, प्रकरण आरशासारखं स्वच्छ आहे," मागून फौजदार म्हणाला. "म्हाताऱ्याचा हात पाठीला पोचत नव्हता. मलम लावायचं काम नर्सचं. मलम लावलंय, म्हणजे ती आली तेव्हा तो जिवंत होता. नंतर काहीतरी बिनसलं. बेड्या काढू का?"

"घाई काय आहे? हात तुमच्याच खिशात आहेत, बेड्याही."

बाई उकिडव्या बसल्या. फरशी ओली होती. बादलीशेजारी वासाचा साबण, फेस अजून न विरलेला. फळीवर मलमाचा मोठा डबा उघडा. मधोमध दोन बोटांचा खोल चर, थेट बुडापर्यंत. बाजूच्या खिळ्याला लाकडी चमचा टांगलेला, कोरडा ठणठणीत.

मानेखाली मलमाचा रंग गुलाबी झाला होता. पाठीवर मलमात मोठमोठी वर्तुळं उमटली होती, आणि त्या वर्तुळांत सुटी सालपटं गुंडाळली गेली होती, रंध्याखालच्या छिलक्यांसारखी.

बाई बराच वेळ त्या पाठीकडे बघत राहिल्या.

मुलगा बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालत होता. मागच्या गल्लीत त्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं.

"घरातून कधी निघालात?"

"साडेआठला. बाप तेव्हा पेपर वाचत होता."

"परत?"

"साडेनऊला. पाने विसरलो होतो. आत येतो तर ही उभी, हात रक्ताने भरलेले."

"मधला तासभर?"

"गाडीखाली होतो. एकटाच. गाडीला विचारा."

"वडिलांना हात लावलात? नाडी वगैरे बघितलीत?"

"शिवलोसुद्धा नाही. ते डोकं बघून कुणाची छाती होईल? हिलाच धरली." त्याने नर्सकडे थुंकल्यासारखं बघितलं. "आणि बाई, मला एवढंच सांगा. मेलेला माणूस स्वतःच्या पाठीला मलम चोळतो का?"

"नाही चोळत," बाई म्हणाल्या. "घरात आणखी कोण असतं?"

"बायको. वर. ताप आहे तिला, झोपलीय. तिला उगाच त्रास नको."

बाईंनी तो त्रास दिला. जिना चढून गेल्या. खोलीच्या दाराला कडी होती, पण बाहेरून. कडीचे स्क्रू नवे, चकचकीत. आत घड्याळजींची सून पलंगाच्या कडेला बसली होती. डोळे कोरडे. उजवं मनगट सुजून भोपळ्यासारखं झालं होतं.

बाईंनी कपाळाला हात लावून बघितला. कपाळ गार होतं.

"ताप उतरला वाटतं?"

"हो."

"सकाळी काही ऐकलंत?"

"झोपले होते."

"हाताला काय झालं?"

"जिन्यावरून पडले." उत्तर इतकं गुळगुळीत होतं, की ते आधी कितीतरी वेळा वापरलेलं असणार. खालून नवऱ्याच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. प्रत्येक पावलाला तिचा खांदा किंचित उडत होता.

बाईंनी महिला हवालदाराला तिच्याजवळ बसवलं. "मी बोलवेपर्यंत इथून हलायचं नाही. आणि आत कुणी नाही यायचं. कुणीही."

नर्सला त्यांनी स्वयंपाकघरात नेलं.

"कधी आलात?"

"साडेनऊला. रोज नऊला येते. आज बस उशिरा आली."

"बसचं तिकीट?"

"पास आहे." तिने ओठावरचं रक्त टिपलं. "दार उघडंच होतं. बाबा पडलेले दिसले. मानेला हात लावला, डोक्याला टॉवेल दाबला. मला कळत होतं उपयोग नाही ते. तरी दाबला. तेवढ्यात हे मागून आले."

"घड्याळजींच्या मुलाशी तुमचं काही वाकडं?"

नर्सची नजर वर छताकडे गेली.

"बोला. गप्प राहिलात तर संध्याकाळी तुम्ही कोठडीत असाल आणि मी काही करू शकणार नाही."

"आधी वहिनींना या घरातून बाहेर काढा," ती हळूच म्हणाली. "मग मला विचारा. त्या इथे असताना मी तोंड उघडलं, आणि तुम्ही त्यांच्या नवऱ्यावर विश्वास ठेवून निघून गेलात, तर उद्या तुम्हाला परत यावं लागेल. दुसऱ्या प्रेतासाठी."

बाईंनी शर्टाची बाही वर केली आणि हात पुढे धरला.

"मलम कसं लावता ते दाखवा."

"आत्ता?"

"आत्ता."

नर्सने आधी आपले हात बादलीभर पाण्याने धुतले. मग कोमट पाणी घेतलं, बाईंचा हात भिजवला, टॉवेलने नुसता टिपला. चोळला नाही. पिशवीतून छोटा डबा काढला, चमच्याने मलमाचा गोळा घेतला.

"अंग दमट असतानाच लावायचं. कातडीत पाणी शिरलेलं असतं. ते उडून जायच्या आत वरून दार लावून घ्यायचं. आंघोळीनंतर तीन मिनिटांत. बाबा घड्याळ हातात धरूनच बसायचे. साडेतीन मिनिटं झाली की म्हणायचे, पोरी, तू मागे पडतेस, तुला किल्ली द्यायला हवी."

तिची बोटं खांद्याकडून मनगटाकडे आली. परत खांद्याकडून मनगटाकडे. गवतावरून वारा जावा तशी, एकाच दिशेने, हलकी.

"अशी एकाच दिशेने का?"

"केस जिकडे वळतात तिकडेच. उलटं किंवा गोल चोळलं, तर मुळं चोंदतात, फोड येतात."

"डब्यात बोटं घालत नाही?"

"छे! बोटांची घाण आत जाते. मलम नासतं."

"आणि साबण?"

"साबण? बाबांच्या अंगाला?" फाटक्या ओठानेही तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातूनच रडू फुटलं. "साबण घेऊन गेले असते ना, तर त्यांनी मलाच बादलीत बुडवलं असतं."

बाईंनी बाही खाली केली नाही. तशाच बाहेर आल्या. सुनेला खाली बोलावलं, दारापाशी महिला हवालदाराजवळ उभं केलं. मुलाला खुर्चीवर बसवलं.

"मघाशी तुम्ही चांगला प्रश्न विचारलात. मेलेला माणूस मलम चोळत नाही. पण मेलेल्या माणसाला चोळता येतं."

"म्हणजे?"

"मलम लावलेल्या अंगावर रक्त सांडलं, तर ते वरून ओघळतं. मलमात मिसळत नाही. घड्याळजींच्या मानेवर रक्त खाली आहे आणि मलम वर. चोळून चोळून ते गुलाबी झालंय. आधी बत्ता, मग मलम."

फौजदाराने खिशातला हात बाहेर काढला.

"ते मलम कोरड्या कातडीवर लावलं. खवले भिजले असते तर मऊ पडून बसले असते. इथे ते सुटून मलमात गुंडाळले गेलेत. म्हणजे आंघोळ झालीच नव्हती. कुणीतरी नुसती फरशी ओली केली, साबणाला फेस आणला. या नर्सने साबणाला हात लावला नसता. चमचा सोडून दोन बोटं डब्यात खुपसली नसती. आणि गोल गोल तर कधीच चोळलं नसतं."

"मग कोण चोळतं गोल गोल?" मुलगा गुरकावला.

"तुम्ही सांगा ना. बेअरिंगमध्ये ग्रीस कसं भरतात?"

मुलाने हात मांडीखाली ओढून घेतले.

"दोन बोटांनी डब्याच्या बुडापासून ओढायचं, आणि तळहाताच्या मनगटाकडच्या गादीने दाबून गोल फिरवायचं. माणूस घाईत असला, की हात त्याला येतं तेच करतात. डोक्याने तुम्ही नर्स झालात, हात मेकॅनिकच राहिले. हात पुढे करा."

"कशाला?"

"करा!"

हवालदारांनी ते करायला लावले. बाईंनी टेबलावरच्या तांब्यातलं पाणी दोन्ही तळव्यांवर ओतलं. डावा तळवा काळ्या भेगांचा, राठ; पाणी भेगांत शिरलं, पसरलं. उजव्यावर ते थांबलंच नाही. मोत्यासारखे थेंब झाले आणि टपटप गळून गेले.

"नुसत्या पाण्याने धुतलेत. हे मलम पाण्याने जात नाही. पाण्याला अडवायलाच तर ते केलेलं असतं. वडिलांना शिवलोसुद्धा नाही म्हणालात. मग एकच तळवा इतका मऊ कसा?"

त्याचा जबडा आवळला. 

बाई नर्सकडे वळल्या. "वहिनी आता माझ्या माणसांजवळ आहेत. बोला."

"आज अकरा वाजता आम्ही तुमच्याच चौकीत येणार होतो," नर्स म्हणाली. "वहिनी, बाबा आणि मी. वहिनींचं मनगट कुणी पिरगाळलं ते बाबांनी बघितलं होतं. त्यांच्या अंगावरचे वळ मी बघितले होते. रोज बाबांचं झालं, की वर जाऊन मी वहिनींनाही मलम लावायचे. काल बाबांनी मुलाला तोंडावर सांगितलं, की मी साक्ष देणार. रात्री वरच्या दाराला कडी बसली."

"एक साक्षीदार ठेचायचा," बाई म्हणाल्या, "आणि दुसरीला त्याच्या खुनात अडकवायचं. म्हणून मलम. नर्स येईपर्यंत तो गल्लीत दबा धरून होता."

तो उठला तो थेट बायकोवर. खुर्ची उडाली, मधला हवालदार नाक धरून खाली बसला. बोटं तिच्या गळ्यापर्यंत पोचली होती, तेवढ्यात फौजदाराची काठी त्याच्या गुडघ्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट आला. जमिनीवर पडूनही तो ओरडत होता, "झोपली होती ती! तिने काही ऐकलं नाही! विचारा तिला!"

बाईंनी विचारलं नाही. नुसतं तिच्याकडे बघितलं.

सून दाराला टेकून उभी होती. गळ्यावर त्याच्या बोटांचे ठसे लाल होत चालले होते. ती नवऱ्याकडे न बघता बाईंशी बोलली. आवाज बारीक होता, पण कापत नव्हता.

"मी जागी होते. दार ठोठावत होते. सात वेळा आवाज आला, मी मोजला. बाबा तिसऱ्यालाच गप्प झाले होते."  "हा पुढेही मारतच राहिला. लिहून घ्या."