कुठं दुखतंय, बाळा?

यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. बोझेना माझी सख्खी शेजारीण. बीटचं सूप ढवळता ढवळता तिनं सांगितलं, तसंच सांगतेय.

आणि रात्रबित्र काही नव्हती. नोव्हेंबरातली लख्ख दुपार होती. क्राकूव शहराच्या दक्षिणेला, डोंगरातलं मुलांचं क्लिनिक.

बोझेनाची लिदका तेव्हा अकरा वर्षांची. दोन वर्षं तिचा उजवा पाय दुखत होता. पोलंडभरचे डॉक्टर झाले. हाड चांगलं, नस चांगली, पण पोरगी कुबड्यांवर. अशाच मुलांना त्या क्लिनिकमध्ये पुन्हा चालायला शिकवतात. आई शेजारच्या खोलीत राहू शकते.

नियम एकच, पण कडक. मुलांना "दुखतंय का?" असं कुणीही विचारायचं नाही. आईनंसुद्धा नाही. विचारलं की लक्ष तिकडंच जातं आणि दुखणं घर करून बसतं, असं डॉक्टरांचं म्हणणं.

बोझेनानं जिभेला कुलूप घातलं. लिदका कुबडीशिवाय चार पावलं टाकू लागली.

आणि मग एकाएकी पुन्हा अंथरुणाला खिळली. सुधारणा नाही झाली तर घरी न्या, असं डॉक्टर बोलू लागले.

त्या दुपारी जेवणं झाली होती. जेवणानंतर मुलांनी तासभर गप पडून राहायचं असतं. सगळा मजला चिडीचूप.

तेवढ्यात भिंतीपलीकडून...

"कुठं दुखतंय, बाळा?"

बाईचा आवाज. मऊ, मायेचा.

बोझेना तणतणत गेली. खोलीत लिदका एकटीच. पलंगाशी एक खुर्ची ओढलेली.

"कोण होतं गं?"

"त्या मावशी. रोज येतात. मी सांगितलं की त्यांना बरं वाटतं."

बोझेनानं सिस्टर याद्विगांना गाठलं. त्या उलट तिच्यावरच घसरल्या. "बाई, चोरून विचारायचं तुम्ही, आणि खापर मावशीवर? दुपारी या मजल्यावर मी एकटी असते."

दुसऱ्या दिवशी बोझेना लिदकाच्या पलंगावरच बसून राहिली. दार आतून लावलेलं.

बराच वेळ काहीच नाही.

मग कोपऱ्यातली खुर्ची... सरकली.

पलंगापाशी येऊन थांबली. रिकामी.

"कुठं दुखतंय, बाळा?"

लिदकानं बोलायला तोंड उघडलं. बोझेनानं त्यावर हात दाबला.

"तिला नको विचारूस. विचारायचंच तर मला विचार."



खुर्ची हळूच... तिच्याकडे वळली.

"तुला कुठं दुखतंय, बाळा?"

इथं बोझेनाच्या हातातला डाव थांबला. "खरं सांगू? दोन वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं गं. माझा बांध फुटला. सगळं सांगून टाकलं मी."

महिन्याभरात लिदका स्वतःच्या पायांनी घरी आली. आता धावत जाऊन ट्राम पकडते. लंगडते ती बोझेना. उजवाच पाय. हाड चांगलं, नस चांगली.

हे सगळं ऐकून सवयीनं माझ्या तोंडून गेलं,

"फार दुखतंय का गं आज?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. आणि हसली.

"हो," त्या खुर्चीला म्हणाली, "आज मांडीपर्यंत आलंय."

मी आले तेव्हा ती खुर्ची टेबलाखाली सारलेली होती.

आता ती बाहेर ओढलेली होती.

मी सूप तसंच ठेवून घरी आले. काल माझा नातू गुडघा फोडून रडत आला. कुठं लागलं, दुखतंय का, काही म्हणून विचारलं नाही मी. गप मलम लावलं.