माळ्यावरची बेल

मला एक सांगा, तुम्ही विश्वास कोणावर ठेवता? घासाघीस करणाऱ्यावर, की न बोलता पैसे टाकून जाणाऱ्यावर? माझं विचाराल तर घासाघीस करणाऱ्यावर. एकदा एक गृहस्थ आले, किल्लीची जोड करून घेतली, वर सुटे पैसेही ठेवून गेले. म्हटलं, काय सज्जन माणूस! ती किल्ली निघाली त्यांच्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या घराची. पोलीस माझ्या दारात.

बसा, खुर्ची ओढून घ्या. कॉफी जरा कडू आहे, पण तळाशी जाईपर्यंत माझं सांगून होईल.

जर्मनीतल्या नेकार नदीच्या काठावरच्या या गावात माझं हे दुकान. बुटांना टाचा लावतो, किल्ल्या कापतो, नावाच्या पट्ट्या कोरतो. बाप ग्रीसहून इथल्या कारखान्यात आला. मी शाळेत काही रमलो नाही. कुलपं बिघडवत बिघडवत कुलपं शिकलो. पट्ट्यांचा धंदा मात्र इथं कधी बसत नाही, कारण आमच्या इमारतींत घरांना नंबरच नसतात. खाली दाराशी बेलची बटणं, आणि बटणाशेजारी आडनाव. आडनाव असलं तर तुम्ही तिथं राहता. नसलं तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि तुम्ही राहत नाही. इतकं सरळ.

नोव्हेंबरातली दुपार होती. दुपार म्हणायची एवढंच, चारलाच रस्त्यावरचे दिवे लागले होते, नदीवरून धुकं चढत होतं. एक मुलगी आत आली. तेक्ला किकनाद्झे. जॉर्जियाची. पंपांच्या कारखान्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप करायला आलेली.

"काका, नावाची पट्टी हवी. सगळ्यात स्वस्त."

जॉर्जियाच्या पोरी कोणालाही काका म्हणतात. आपल्यालाही बरं वाटतं.

"सगळ्यात स्वस्त म्हणजे प्लास्टिक. उन्हाळ्यात पिवळं पडेल."

"उन्हाळ्यात मी इथं नसेनच."

"मग पितळेची घे आणि जाताना घेऊन जा. आईला दाखव, जर्मनीत माझ्या नावाचं दार होतं म्हणून."

"पितळेची प्लास्टिकच्या भावात देता का?"

बघा, भरवशाचं माणूस! ती हसली, आणि हसता हसता तिनं कपाळ दाबून धरलं. म्हणाली, इथं आल्यापासून डोकं ठणकतं, हवा मानवत नाही. बँकेचं कार्ड परत गेलं, विम्याचं कार्डही परत गेलं, कारण बेलवर नाव नाही. घरमालक म्हणतो, सहा महिन्यांसाठी कशाला नाव? पत्रं कारखान्यावर मागव.

"कोण मालक?"

"फ्योल्म्ले."

फ्योल्म्ले. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. माझ्याकडून किल्ल्या नेतो, कधी भाव करत नाही.

पट्टी कोरून होईपर्यंत ती मशीनकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "काका, एक विचारू? बटणाशेजारी माझं नावच नाही... तरी बेल वाजते. अंधार पडला की. इंटरकॉम उचलावा तर कोणी बोलत नाही. नुसती धाप लागल्यासारखा आवाज..."

"गल्लीतली कार्टी असतील." मी पेचकस खिशात टाकला. "चल, मीच लावून देतो."

फ्योल्म्लेचं घर चार मजली, वर उतरत्या छपराखाली माळा. दाराशी सगळी नावं झळझळीत, फक्त सर्वात वरचा खण कोरा. मी फलक उघडला, तेक्लाची पट्टी आतून सरकवली, स्क्रू आवळला. ती माझ्या शेजारीच उभी होती, हात कोटाच्या खिशात. धुकं इतकं दाट, की पलीकडचा फुटपाथ दिसत नव्हता.

आणि बेलच्या जाळीतून खरखर आली.

आधी नुसता श्वास. ओढून घेतलेला, पुरत नसलेला. मग एक तरुण आवाज, मोडकीतोडकी जर्मन. "वर... मी वर आहे... जाऊ नका..."

"पाहुणा आलाय का गं तुझ्याकडे?" मी विचारलं.

तेक्लानं माझी बाही धरली. तिच्या दुसऱ्या हातात किल्ली होती. "खोलीला कुलूप आहे, काका. वर कोणी नाही."

"नाव नाही लिहिलेलं..." जाळी बोलत होती. "पण मी आहे... मी आहे..."

आणि दाराचं कुलूप गुणगुणलं. वरून कोणीतरी आम्हाला दार उघडून देत होतं.

खरं सांगतो, भीती मला नंतर वाटली. आधी डोकं फिरलं. म्हटलं, या फ्योल्म्लेचाच काहीतरी चावटपणा. एकट्या परदेशी पोरीला घाबरवतोय! तरातरा जिना चढायला लागलो. जिन्यात मेणाचा आणि उकडलेल्या कोबीचा वास. तिसऱ्या मजल्यावर दिवा आपोआप विझला, तसे सगळेच जिन्यांतले दिवे विझतात इथं, पण त्या काळोखात वरून एक आवाज येत होता. ठक... ठक... ठक... लाकडावर काहीतरी हळूच आपटत होतं. मी भिंत चाचपत बटण शोधलं. तेक्लाचा श्वास माझ्या मानेवर. निदान मी तो तिचाच धरला.

माळ्याचं कुलूप तिनं उघडलं. आत कोणी नव्हतं. इंटरकॉमचा रिसीव्हर वायरीला लोंबकळत होता आणि झोके घेत भिंतीवर आपटत होता. ठक... ठक...

खोली भट्टीसारखी गरम. खिडकीच्या फटी चिकटपट्टीनं बंद केलेल्या. "मालकांनीच लावलीय," ती म्हणाली, "ऊब बाहेर जाते म्हणून." कोपऱ्यात जुना गॅस गीझर, तोच खोली तापवायचा आणि पाणीही. मी डाग द्यायचं काम करतो, ज्योत ओळखतो. चांगली ज्योत निळी असते. ही पिवळी, आळसावलेली, कडांना काजळी धरलेली. दोन श्वास घेतले आणि माझीही कानशिलं ठणकायला लागली.

पोरीचं डोकं काय उगाच दुखत नव्हतं, जळक्या गॅसचं विष खोलीतच कोंडत होतं! मी गॅसचा कॉक पिळला, चिकटपट्टी टराटरा ओढली, खिडकी सताड उघडली आणि तिला दंडाला धरून खाली काढलं.

दुसऱ्या मजल्यावर एबिंगरबाईंचं दार साखळीएवढं उघडलं. म्हाताऱ्या बाई, माझ्याकडे बूट दुरुस्तीला टाकतात.

"पुन्हा वाजली का माळ्यावरची?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"पुन्हा म्हणजे?"

मग फटीतून, तुकड्यातुकड्यानं, त्यांनी सांगितलं. गेल्या हिवाळ्यात माळ्यावर इद्रीस बूझियान राहायचा. मोरोक्कोचा, त्याच कारखान्यात इंटर्न. शुद्ध हरपायच्या आधी त्यानं मदतीला फोन केला होता. घर सांगितलं, नाव सांगितलं. अँब्युलन्सची गाडी आली. माणसं खाली नावं वाचत उभी राहिली, बूझियान कुठंच नाही. त्यांनी सगळ्या बेल वाजवल्या.

"मग?"

"फ्योल्म्ले बाहेर आला. म्हणाला, वर कोणी राहत नाही. वर आम्ही कपडे वाळत घालतो."

"आणि तुम्ही, बाई?"

"घर त्याचं आहे, पानोस. मला वाटलं, त्याला माहीत असेल..."

"तुम्ही त्या पोराला रोज जिन्यात बघत होतात!"

"पिशव्या उचलून आणायचा माझ्या," बाई म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. गाडी परत गेली, पोरगा वर मेला, आणि पोलिसांना मालकानं सांगितलं म्हणे, पोरगा चोरून राहत होता. झालं. मिटलं.

फ्योल्म्ले खाली संध्याकाळचं जेवत होता. पाव, सॉसेज, काकडीचं लोणचं. गळ्यात रुमाल.

"काय रे ए ग्रीका, पट्टी लावायला तुला मी सांगितलं होतं?"

"वरचा गीझर कधी तपासून घेतला?"

"ती राहायची जागाच नाही. धुराडं तपासणारी बाई येते, ती बाकीची घरं बघते. माळ्यावर बघायचं काय?"

"ही पोरगी काय वाळत घातलेला कपडा आहे का? भाडं घेताना माणूस, आणि मरताना कपडा?"

"आवाज खाली. माझं जेवण चाललंय."

पेचकस माझ्या मुठीत होता. आईची शपथ, तो खिशात ठेवायला मला जितका जोर लागला, तितका आजवर कुठल्या गंजक्या कुलपाला लागला नाही. तेक्ला मागून पुढं आली. "त्याचं नाव तुम्हाला माहीत होतं," ती फ्योल्म्लेला म्हणाली, "खाली माणसं ते विचारत होती, आणि तुम्हाला माहीत होतं." त्यानं काकडीचा तुकडा तोंडात टाकला.

त्या रात्रीपासून तेक्ला आमच्याकडे, दुकानाच्या वरच्या खोलीत. माझ्या बायकोनं, देस्पिनानं, तिला लिंबू पिळलेलं कोंबडीचं सूप पाजलं. डोकेदुखी गेली. हवा व्यवस्थित मानवली. धुराडं तपासणारी बाई आली, नळीत कबुतराचं घरटं सापडलं. तिनं गीझर बंद केला, नगरपालिकेनं खोलीला सील ठोकलं. माळ्याचा रिसीव्हर मी स्वतः काढला, वायर स्वतः कापली. फ्योल्म्लेला दंड झाला. दंड! त्यानं तो भरला, अर्थातच एका शब्दानं न कुरकुरता.

मग डिसेंबरात तो दुकानात आला. गल्ल्याशेजारी एक पितळी पट्टी ठेवली. गुळगुळीत.

"माझं नाव पुसलं गेलंय. नवीन कर."

कोरलेलं नाव पुसलं जात नाही. मी भिंगाखाली धरली. कानशीची खूण नाही, घासल्याची रेघ नाही, जणू कधी कोरलंच नव्हतं. करून दिली. परत आला. पुन्हा कोरी. पुन्हा करून दिली. तिसऱ्या खेपेला त्यानं चक्क भाव केला.

परवा अंधार पडताना मी त्या घरावरून चाललो होतो. तसंच धुकं. सहज फलकाकडे नजर गेली. तळमजल्याचा खण कोरा. आणि सर्वात वर, सील ठोकलेल्या माळ्याच्या बटणाशेजारी, माझ्याच मशीनच्या अक्षरांत: फ्योल्म्ले.

तळमजल्याची खिडकी उघडली. तो तिथंच होता, रुमाल गळ्यात, तोंड चुन्यासारखं पांढरं.

"पानोस..." जन्मात पहिल्यांदा त्यानं मला नावानं हाक मारली. "मी खाली राहतो. तू सांग ना त्यांना... मी खाली आहे..."

"कोणाला सांगू?"

तो वर बघत राहिला. मीही वर बघितलं. माळ्याच्या खिडकीत काळोख होता, पण ती आतून हळूहळू बंद होत होती. आणि माळ्याची वायर मी स्वतः कापलेली असूनही, खाली दाराचं कुलूप गुणगुणायला लागलं.

मी आत गेलो नाही. अजूनही मला त्याची दया येत नाही, आणि हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तुम्ही मात्र एवढं करा. उद्या तुमच्याही घरात कोणी परक्या गावचं लेकरू भाड्यानं राहायला येईल. छपराखाली माणसं किती, तेवढा हिशोब खरा ठेवा.