पायरीखालची बैठक

"आत या ना," तो पुन्हा म्हणाला.

सातेरीच्या देवळाच्या पायरीखाली मी सोलकढीचा डबा धरून उभी, आणि वरून हा चष्मेवाला हसतोय... एवढं गोड हसायची काही गरज होती का? बैठकीची सोलकढी आमच्या खानावळीतून जायची होती. ती देऊन मी निघणार होते.

"मी इथेच बरी."

"मला घाबरता की काय?"

"तुम्हाला? आरशात बघितलंय कधी?"

तो मोकळेपणी हसला. नाव देवेश, कोल्हापूरचा. आमच्याकडच्या बायकांच्या अंगात रक्त कमी का, याचा अभ्यास करायला आलेला. त्यात काय विचारायचं ते गावाने मिळून ठरवायचं, म्हणून आज ही देवळातली बैठक. आत सरपंच, डॉक्टर, काजू कारखान्याचे मालक जमले होते. बायका मोजक्याच, त्याही म्हाताऱ्या.

"बाकीच्यांना रसच नाही," तो खट्टू होऊन म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. समोर सुरंगीच्या झाडाखाली बसलेल्या बायका याला दिसत नव्हत्या?

"त्यांना आज... आत येता येत नाही. मलाही नाही."

त्याला काही उमजेना. शेवटी मी सांगूनच टाकलं. "पाळी असताना आम्ही ही पायरी चढत नाही. आणि बाहेर बसलं की गावाला कळतं, म्हणून कित्येकजणी घरीच राहिल्यात. रक्ताबद्दल बोलायला बोलावता — तेही देवळात!"

तो कानापर्यंत लाल झाला. आता हा पळणार, असं मला वाटलं. तर त्याने दोन खुर्च्या उचलल्या आणि पायऱ्या उतरायला लागला.

"देवेशभाऊ, खुर्च्यो खंय व्हरतास?" सरपंचांनी विचारलं.

"झाडाखाली. बैठक तिथे घेऊ."

सरपंच कुरकुरले, पण डॉक्टर उठले तसे तेही उठले. मी घरोघरी हाका मारत धावले. बायका आल्या, पण पुरुषांसमोर कुणी तोंड उघडेना. मग कारखान्यात काजू सोलणाऱ्या काशीबाई मालकासमोरच बोलल्या, "रगत कमी आसा म्हणान सगळे सांगतत. महिन्याक जाता किती, तां कोणी इचारल्यान?"

देवेशने ते तसंच वहीत उतरवलं. अभ्यासातला पहिला प्रश्न तोच झाला.

मग वाडीवाडीत बैठका सुरू झाल्या. जागा आणि वेळ मी बायकांना विचारून ठरवायची. स्कूटर माझी, मागे देवेश. वळणावर तो माझा खांदा धरायचा... वळण संपलं तरी धरून ठेवायचा. मीही काही म्हणायचे नाही.

प्रश्न पक्के झाले आणि त्याला परतीचं बोलावणं आलं. मालवणच्या स्टँडवर बॅग सीटवर ठेवून तो खाली उतरला.

"अक्षया, तू कधी कोल्हापूरला... म्हणजे अभ्यासासाठी..."

"अभ्यास रवांदे," मी त्याला थांबवलं.

घरच्या पुरुषांसमोर जे कधी उच्चारलं नाही, ते ओळख नसताना मी याला सांगितलं होतं. मग हेच का जड जावं?

"माका तू आवडतंस," मी म्हटलं. "लग्न करशीत माझ्याशी?"

कंडक्टरने घंटी मारली. बस निघाली, गेलीसुद्धा. देवेश जागचा हलला नाही.

"अरे, तुझी बॅग गेली!"

"जाऊ दे," तो म्हणाला. "तू आधी ते परत सांग."