चौसष्ट नंबरची माती

"तुमच्याकडे माझी माती आहे."

रविवारी सकाळी दार उघडल्या उघडल्या एखादा अनोळखी माणूस असं म्हणाला तर काय बोलायचं? मी आधी त्याला नीट न्याहाळलं. उंच, किंचित पोक काढून उभा, हातात तपकिरी लिफाफा, आणि चेहऱ्यावर असा संकोच, जणू सगळी चूक त्याचीच.

"म्हणजे माती नाही... मातीचा रिपोर्ट," तो घाईघाईने म्हणाला. "तपासायला दिलेला तुमचा नमुना शेहेचाळीस नंबरचा ना? माझा चौसष्ट. कचेरीत अदलाबदल झाली. तुमचा रिपोर्ट वाचून मी इतका खूश झालो! मग वाटलं, एवढी चांगली माती माझी असणं शक्यच नाही."

"म्हणजे ती आंबट, निकस माती..."

"माझी," तो नम्रपणे म्हणाला.

"पण तो आंबटपणा घालवायला बाबांनी काल सगळ्या वाफ्यांत चुना पसरला!"

"किती?"

"दोन बादल्या."

"अरे बापरे."

"अरे बापरे म्हणू नका हो. मला लगेच भीती वाटते."

तो हसला. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला, आणि बाह्या सरसावत म्हणाला, "खराटा आणि घमेलं आहे का? वरचा थर आजच खरवडून काढू. पाणी तर नाही ना घातलंय?"

मला भीती वाटते हे मी उगाच बोलले नव्हते. मी एक्स-रे काढते. लोकांचे चेहरे दिसायच्या आधी त्यांच्या आत काय मोडलंय ते मला दिसतं. महिन्यापूर्वी खोकला जात नाही म्हणून बाबांना मशीनसमोर उभं केलं होतं, श्वास रोखायला सांगितलं होतं, आणि पडद्यावर त्यांचं वाढलेलं हृदय सगळ्यात आधी मीच पाहिलं होतं. पुढच्या तपासण्यांत कळलं, झडप खराब. मार्चमध्ये ऑपरेशन.

आणि बाबा काय करत होते? पुढच्या वर्षीच्या बागेचा आराखडा! जन्मभर जमिनी मोजल्या त्यांनी. निवृत्त झाल्यावर घरामागचा तेवढा तुकडा उरला होता. जेवणाच्या टेबलावर भला मोठा कागद, त्यावर मापात काढलेले वाफे, आणि शेजारी बारा महिन्यांचे बारा रकाने. फेब्रुवारीत टोमॅटोची रोपं, एप्रिलमध्ये भोपळ्याचा मांडव, ऑक्टोबरमध्ये गुलाबांची छाटणी. आई गेल्यापासून आम्ही दोघं त्याच टेबलावर जेवायचो. आता ताटं मांडीवर आली होती. मी त्या कागदाकडे बघायचेच नाही. बघितलंच तरी मार्चच्या रकान्यापुढे माझी नजर जात नसे.

त्या दिवशी चुना काढता काढता दुपार झाली. बाबांनी खुर्चीतून सूचना दिल्या, आणि त्याचं नाव न विचारताच त्याला 'चौसष्ट' म्हणायला सुरुवात केली.

"काय करता तुम्ही, चौसष्ट?"

"बसची वेळापत्रकं बनवतो."

"म्हणजे बस उशिरा येतात त्या तुमच्यामुळे?" मी विचारलं.

"छे! वेळेवर येतात त्या माझ्यामुळे. उशिरा येतात त्या ड्रायव्हरमुळे."

कितीतरी दिवसांनी मी मोठ्याने हसले. बाबांनी वळून बघितलं, आणि मग मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

तो दर रविवारी येऊ लागला. दोन गल्ल्या सोडून राहायचा, तळमजल्यावरच्या भाड्याच्या घरात. आयुष्यात पहिल्यांदाच अंगण मिळालं होतं, आणि तेही चौसष्ट नंबरचं. बाबा त्याला शिकवायचे, तो वहीत लिहून घ्यायचा. मला मात्र कामं सांगायचा.

"शेहेचाळीस, जरा दोरी धरा."

"मला नाव आहे."

"माहीत आहे. पण ते सगळेच घेतात."

दोरीच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. वाफा सरळ आहे की नाही ते बघायला एक डोळा मिटून तो माझ्याकडे बघायचा... वाफ्याकडे कमी, माझ्याकडे जास्त. मातीला कुजलेल्या पानांचा उबदार वास यायचा. आणि मला बरं वाटायला लागलं की लगेच छातीत धस्स व्हायचं. बरं वाटतंय म्हणजे आता काहीतरी होणार, असं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाबांनी कुंपणालगतच्या जागेवर बोट ठेवलं. "इथे लिंबू लावायचं म्हणतोय."

"लावूया की," तो म्हणाला. "चार-पाच वर्षांनी लिंबं धरतील. पहिलं सरबत तुमच्या हातचं, बरं का!"

बाबा खुशीत हसले. मी हातातलं खुरपं तिथेच टाकलं.

तो निघाला तेव्हा फाटकापाशी गाठून म्हटलं, "चार-पाच वर्षं? कुठल्या हिशोबाने? तुम्ही त्यांची फिल्म बघितलीय? मी बघितलीय! त्यांना खोटी आशा दाखवायचा तुम्हाला काय अधिकार?"

"मी खोटं नाही बोललो," तो हळूच म्हणाला. "पुढे काय होणार ते मला माहीत नाही, एवढंच. तुम्हालाही..."

"यापुढे येऊ नका."

त्याने मान हलवली. फाटकाची कडी नीट लावली, वाजणार नाही अशी, आणि गेला.

दोन रविवार तो आला नाही. बाबांनी एकदाही विचारलं नाही, पण चहा तीन कप टाकायचे आणि एक तसाच ओतून द्यायचे. मी चिडचिडी झाले होते. फिल्मवर उलटसुलट नावं घालत होते. दोनदा त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी बाबांना दाखल करायचं होतं. सकाळी मी त्यांची पिशवी भरत होते, आणि ते टेबलावरचा कागद गुंडाळत होते.

"जरा इकडे ये," ते म्हणाले. "हे आता तुझ्याकडे राहू दे."

पहिल्यांदाच मी तो कागद नीट वाचला. प्रत्येक कामापुढे बारीक, नेटक्या अक्षरात कोणी करायचं तेही लिहिलेलं. एप्रिल, मांडव बांधणे – चौसष्ट. मे, रोज पाणी – शेहेचाळीस. जुलै, तण काढणे – दोघे. ऑक्टोबर, छाटणी – दोघे.

बारा रकान्यांत बाबांचं नाव कुठेच नव्हतं.

"बाबा... तुमचं काम?"

"मी असलो तर खुर्चीत बसून चुका काढीन. ते काय लिहून ठेवायचं काम आहे?"

मला वाटत होतं, त्यांना काही कळत नाहीये. आणि ते इतके महिने बसून मला एकटं कसं पडू द्यायचं नाही याचा आराखडा काढत होते!

"तू त्याला काय बोललीस ते मी ऐकलं," ते म्हणाले. "फाटक काही लांब नाही. जा आता. तासाभरात ये, मग निघू."

मी चपला अडकवल्या आणि धावतच गेले.

तो अंगणात उकिडवा बसला होता. ती चौसष्ट नंबरची माती... फिकट, ढेकळांची, आणि त्यात पालकाच्या जेमतेम पाच-सहा पानांची एक ओळ. मला बघून तो धडपडत उभा राहिला.

"उद्या ऑपरेशन आहे," मी म्हणाले. "मी फार वाईट बोलले. आणि मला... मला खूप भीती वाटतेय."

"मलाही," तो म्हणाला.

"तुला कशाची?" तोंडातून 'तू' निसटलं. परत घेता येईना.

"त्यांच्या ऑपरेशनची. आणि तू पुन्हा कधीच बोलणार नाहीस याची." त्याने मातीचे हात पँटला पुसले. "उद्या किती वाजता?"

"सातला."

"मी साडेसहाला असेन."

तो सहालाच आला होता.

ऑपरेशन चार तास चालेल, असं सांगितलं होतं. चार झाले. पाच झाले. कोणी बाहेर येईना. मी त्याच दवाखान्यात काम करते, त्या लांबलचक व्हरांड्यातली प्रत्येक लादी मला ओळखीची. पण त्या दिवशी मी फक्त कुणाचीतरी मुलगी होते. दर वेळी दार हललं की माझी नखं त्याच्या मनगटात रुतायची. त्याने हात काढून घेतला नाही.

"इतका वेळ का लागत असेल?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला. खोटा दिलासा त्याने तेव्हाही दिला नाही. नुसता जवळ बसून राहिला.

सहाव्या तासाला डॉक्टरीणबाई मास्क खाली ओढत बाहेर आल्या. "झडप बसलीय. मध्ये रक्तस्राव झाला, म्हणून वेळ लागला. दोन दिवस सांभाळायचे. मग बघू."

ते दोन दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. आम्ही पाळीपाळीने बाकावर डुलक्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या नळ्या निघाल्या. त्यांनी डोळे उघडले, आधी मला पाहिलं, मग काचेपलीकडे उभ्या असलेल्या त्याला, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "रोपांना पाणी कोण घालतंय?"

नर्सने आम्हाला दोघांनाही घरी पिटाळलं. अंघोळ करा, जेवा, मगच या.

सकाळचा रस्ता नुकता धुतलेला होता. पाव घेऊन जाणारे लोक, शाळेच्या बसचा हॉर्न, कुणाच्या तरी खिडकीतून रेडिओ. आम्ही चालत होतो. मी वाट बघत होते, छातीत नेहमीसारखं धस्स कधी होतंय याची. झालंच. पण या वेळी मी थांबले नाही.

"ऐक ना," मी म्हणाले. "पुढे काय होणार ते मला अजूनही माहीत नाही. बाबांचं, माझं, कशाचंच. भीती माझी जाणार नाही, ती तुला रोज सोसावी लागेल. पण मला तुझ्याबरोबर राहायचंय. लग्न करशील माझ्याशी?"

तो रस्त्याच्या मधोमध थांबला. मागून सायकलवाला ओरडला, "अहो, जरा बाजूला व्हा की!" मी त्याची बाही धरून कडेला ओढलं.

"करेन," तो म्हणाला. डोळे भरले होते आणि ओठांवर हसू. "मी हे विचारायला ऑक्टोबर धरला होता."

"ऑक्टोबर? एवढ्या उशिरा?"

"तू नाही म्हणशील, असं वाटायचं."

मी त्याचा हात हातात घेतला. अजून अंघोळ नाही, जेवण नाही, दोघांच्याही डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"बाबांना आत्ता सांगूया?" मी विचारलं.

"नर्स ओरडेल."

"ओरडू दे."

आणि आम्ही तसेच मागे फिरलो.