नातं काय लिहू?

"गोळ्या देणार आहात की नाही?" चित्रकला शिकवणाऱ्या बाईंचा पारा चढला होता. अंगात ताप, आणि काउंटरवरचा हा औषधवाला चिठ्ठी दोन-दोनदा वाचत नुसत्या चौकशा करत बसलेला!

"देतो हो. आधी सांगा, कुठल्या गोळीनं कधी अंगावर फोड आले होते का?"

तीन वर्षांपूर्वी एका साध्या गोळीनं तिच्या अंगभर फोड आले होते, कातडी भाजल्यासारखी सोलून निघाली होती. जीव थोडक्यात वाचला. तिनं पर्समधलं ॲलर्जीचं कार्ड पुढे सरकवलं. ते वाचून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, हेच औषध आहे यात! नाव तेवढं दुसरं. डॉक्टरांना कार्ड का नाही दाखवलंत?"

"कार्ड काढलं की लोक आधी माझे हात बघतात," ती पुटपुटली, आणि लांब बाह्या आणखीच खाली ओढल्या.

तो मात्र तिच्या डोळ्यांकडे बघत होता. "लाल झालेत. कोरडे पडतात ना?"

त्यानं डॉक्टरांना फोन करून गोळी बदलून घेतली. मग ती दर शनिवारी डोळ्यांच्या थेंबांसाठी येऊ लागली. एक बाटली महिनाभर पुरते, हे दोघांनाही चांगलंच ठाऊक होतं.

"एवढे थेंब जातात कुठे हो?"

"तुम्हाला कशाला पंचाईत? विका की मुकाट्यानं!"

एका शनिवारी ती अर्ध्या बाह्यांत आली. पूर्वी एकजण हातांवरचे हे डाग पाहून गेला, तो गेलाच. हाही गेला तर...?

"बघून घ्या," ती म्हणाली, "आणि काय ते एकदाचं सांगा."

त्यानं डाग पाहिले, सावकाश, नजर न चोरता. मग पाकिटातून एक कार्ड काढलं. तिला चालत नसलेलं औषध त्यावर त्याच्या अक्षरात, आणि खाली 'तातडीनं कळवा' पुढे त्याचाच नंबर.

"तुम्हाला काही झालं तर... मला कळायला नको? फक्त ही 'नातं'ची जागा रिकामी आहे. औषधवाला लिहिलं तर बरं दिसत नाही..."

"अगं, लिही बाई काहीतरी!" मागे उभ्या आजी खोकत म्हणाल्या. "माझं औषध राहिलंय!"

तिला हसू आवरेना. त्याच्या खिशातलं पेन ओढून तिनं लिहिलं, 'होणारा नवरा'.

त्यानं ते चक्क तीनदा वाचलं.

"बरोबर आहे ना?" तिनं विचारलं.

"अगदी," तो कसाबसा म्हणाला, "यात काही बदलायचं नाही."