रिकाम्या किनाऱ्यावरची गर्दी

भूतकाळ कधी मरत नाही, असं आमच्या संग्रहालयाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणाले. त्यांचं भाषण संपायच्या आत लोडशेडिंग झालं आणि भूतकाळ दोन तास बंद राहिला. ही २००८ सालची, नंदाखाल गावची गोष्ट.

संग्रहालय म्हणजे केळीच्या वाडीला लागून एका संस्थेने बांधलेली चार दालनं. पहिल्या तिनांत नांगर, रांजण, लग्नातले दागिने. चौथ्यात आधुनिकता: प्रोजेक्टरने चारही भिंतींवर उभं केलेलं, कोळ्यांचं जुनं पाचूबंदर. लाटा, वर ओढून ठेवलेल्या होड्या, बांबूंवर वाळणारे बोंबील, आणि पायाखालून येणारा समुद्राचा आवाज. माणसं नव्हती. माणसं दाखवायला पैसे उरले नव्हते, म्हणून किनारा रिकामा ठेवला आणि फलकावर 'पहाटेचे दृश्य' असं लिहिलं.

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचो. अशा दालनात स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या माणसांना काय जाणवतं, हे संस्थेला माझ्याकडून शोधून हवं होतं. अनुदान देणाऱ्यांना या विषयाचं कौतुक होतं. आम्ही उजेड कमी केला, आवाज कमी केला, आणि एका वेळी एकालाच आत सोडायचं ठरवलं. बाहेर आल्यावर समोर चार चित्रं ठेवायची: उजेड, आवाज, वास, गर्दी. जास्त वाटलं त्यावर बोट ठेवायचं.

विरारहून आलेल्या उन्नतीने गर्दीवर बोट ठेवलं. आत ती एकटी होती. चित्र नीट जमलेलं नाही असं ठरवून मी ते बदललं. जूचंद्रच्या सुमेधने गर्दीच्या नव्या चित्रावर बोट ठेवलं.

मग पाचूबंदरची क्लेमेंटीन आपल्या मुलाला, हिलरीला, घेऊन आली. हिलरी चाळिशीचा, उंच, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. बोलणं मोजकं. अंगाला हात लावलेला त्याला खपत नसे.

"बाकी काय तरास नाय त्याचा," क्लेमेंटीन म्हणाली. "माझ्यामागं त्याला कोन, येवडंच."

एसटी किती वाजता आहे हे विचारावं, तशा आवाजात ती हे म्हणाली. दोन आश्रम ती बघून आली होती. दोन्हीकडे माणसांना दंडाला धरून जेवायला नेत होते.

काचेच्या खिडकीतून आम्ही आत बघत होतो. हिलरी दालनाच्या मधोमध जाऊन थांबला. मग वाकला, डोकं जरा डावीकडे नेऊन. पुढे सरकून पुन्हा वाकला, या वेळी पार गुडघ्यापर्यंत. मग तिसऱ्यांदा, सरळ.

क्लेमेंटीनच्या बोटांतली जपमाळ थांबली.

"काय करतोय तो?"

"आशीर्वाद मागतंय. सांजची प्रार्थना झाली का आमच्या घरी मोठ्यांपुढं जायाचं, वयापरमानं. आजोबाच्या उजव्या हातात काठी, म्हनून डोकं डावीकडं. म्हातारी पाटावर बसायची. तिसरा त्याचा बापूस."

"सवय असते," मी म्हणालो. "प्रार्थनेची वेळ झाली असं वाटलं असेल."

"सकाळ हाय, सर."

आजी-आजोबा चर्चमागच्या दफनभूमीत होते. बापूस तिथेही नव्हता. तो बोटीसकट समुद्रात राहिला होता.

हिलरीने गर्दीवर बोट ठेवलं. त्रास झाल्यासारखा मात्र दिसला नाही.

मग ती दोघं रोजच यायला लागली. मीही असायचोच. "तुमचं कॉलेज बंद पडलं काय, सर?" क्लेमेंटीन विचारायची आणि मला सुके बोंबील द्यायची. मी अहवालात लिहिण्याजोगी कारणं शोधत होतो. प्रोजेक्टरची सावली. प्रतिध्वनी. कारणं बरी होती.

एके दिवशी हिलरी चौथ्यांदा वाकला.

पूर्ण नाही. डोकं अर्ध्यावर आणून त्याने तिथेच धरलं.

"हे कोण?" मी विचारलं.

 क्लेमेंटीनने आपला तळहात हवेत पालथा धरला.

"मी असा वर हात धरते. तो खाली थांबतो. टेकू देत नाय ना." तिने हात मांडीवर ठेवला. "तिथं मीच हाय."

"तुम्ही इथे आहात," मी म्हणालो. वाक्य तोंडातून निघाल्यावर विचित्र वाटलं.

"डाक्टर पन तेच बोल्ला. अजून हायेस, म्हनून." ती हसली. मग काचेतून आत बघत राहिली. "बरं झालं. म्हनजे मागनं मी असेन त्याच्याजवळ. तेवढी खोली चालू ठेवा, सर."

मी हो म्हणालो. संस्थेच्या हातापाया पडून दालनाची मुदत वाढवून घेतली.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात क्लेमेंटीन गेली. शेवटचे दिवस ती शांत होती, असं शेजारणी म्हणाल्या. सगळ्यांना सांगत होती, त्याची सोय झाली.

महिनाभराने मी हिलरीला आश्रमातून संग्रहालयात नेलं.

लाटा चालू होत्या. आवाज तोच होता.

तो डावीकडे डोकं नेऊन वाकला.

मग गुडघ्यापर्यंत.

मग सरळ.

चौथ्या जागेपुढे त्याने डोकं अर्ध्यावर आणलं आणि तसाच उभा राहिला. भिंतींवरची पहाट संपली, पुन्हा सुरू झाली. त्याने डोकं आणखी खाली नेलं. आणखी खाली. जिथे कुणाचाही हात टेकला असता, तिथपर्यंत.

मग ताठ झाला आणि बाहेर आला.

मी चित्रं समोर ठेवली नाहीत, नुसतं विचारलं.

"पप्पा आहेत आत?"

"हाय."

"आजी? आजोबा?"

"हाय."

"आई?"

"नाय," हिलरी म्हणाला. "आई नाय."

रिक्षाने मी त्याला आश्रमात सोडलं. तिथे सातला जेवण वाढतात. उशिरा येणाऱ्याला वाढत नाहीत.